मॉडेलिंग अ‍ॅम्प घेताना कानांनी काय तपासावं

इलेक्ट्रिक गिटार शिकणारा माणूस पहिला मॉडेलिंग अ‍ॅम्प, म्हणजे इतर अ‍ॅम्पच्या आवाजाची गणिताने नक्कल करणारा अ‍ॅम्प, बघायला लागला, की आधी खोक्यावरचे आकडे वाचतो: नक्कल केलेल्या अ‍ॅम्पची मॉडेल्स किती, इफेक्ट्स किती, प्रीसेट्स (आधीच जुळवून ठेवलेले आवाज) किती. माझ्या मते निवडीसाठी सगळ्यात कुचकामी माहिती हीच. शिकणाऱ्याला हवा असतो तो बोटांना ओ देणारा अ‍ॅम्प, आणि ते कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांमधलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि क्षीण विद्युतदाब तयार होतो, बहुतेक वेळा एक व्होल्टहूनही कमी. तो स्पीकर हलवण्याइतका वाढवणं हे अ‍ॅम्पचं काम. पण गिटारचा अ‍ॅम्प आवाज नुसता वाढवत नाही, बदलतोही, आणि तो बदलच वादकाला हवा असतो.

जुन्या अ‍ॅम्पमध्ये सिग्नल वाढवायचं काम व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे काचेची निर्वात नळी, करते. त्यात सिग्नल ट्यूबच्या कुवतीबाहेर गेला, की लहरीचे माथे दबायला लागतात. माथा दबलेल्या लहरीत मूळ सुराच्या पटीतल्या नव्या वारंवारता मिसळतात. पाचवी मोकळी तार ११० हर्ट्झला वाजते. तिच्यात आधीपासून असलेले २२०, ३३०, ४४० हर्ट्झचे हार्मोनिक्स आता जोर धरतात आणि त्यांच्या वरचेही उमटतात. हेच डिस्टॉर्शन. यातली खरी गंमत अशी, की चांगला ट्यूब अ‍ॅम्प माथा एकदम छाटत नाही, हळूहळू वाकवत नेतो. त्यामुळे एकाही बटणाला हात न लावता हलकं छेडलं तर सूर स्वच्छ येतो आणि जोरात छेडलं तर खरखरीत होतो. अडचण एवढीच, की मोठ्या अ‍ॅम्पच्या पॉवर ट्यूब्जना (स्पीकरला शक्ती देणाऱ्या ट्यूब्जना) या अवस्थेला आणायचं तर आवाज इतका वाढवावा लागतो, की घरात कुणी थांबणार नाही.

ही अडचण मॉडेलिंग सोडवतं. सिग्नल सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजला जातो, त्या आकड्यांवर प्रोसेसर गणित करतो आणि निकाल पुन्हा विद्युतदाबात बदलून स्पीकरकडे जातो. आवाजाचा पोत आणि आवाजाची पातळी या दोन गोष्टी त्यामुळे वेगळ्या होतात. लाइन ६ या कंपनीने १९९६ मध्ये अशा गणितावर चालणारा गिटार अ‍ॅम्प बाजारात आणला. काही उत्पादक मूळ सर्किटमधल्या एकेका भागाची समीकरणं मांडतात. काही जण खऱ्या अ‍ॅम्पमध्ये ठरावीक चाचणी-सिग्नल सोडून त्याचं वागणं मोजतात. २०११ मध्ये केम्पर या कंपनीने ही वाट लोकप्रिय केली. आता न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकी प्रोग्रामला) खऱ्या अ‍ॅम्पमध्ये गेलेला आणि बाहेर आलेला आवाज ऐकवून शिकवतात.

या गणिताचा एक भाग सोपा आहे, एक अवघड. स्पीकर आणि त्याचं लाकडी कॅबिनेट आवाज लहान असो वा मोठा, जवळपास सारखंच वागतं, म्हणून ते एका मोजणीत बरंचसं पकडता येतं. ट्यूबचं तसं नाही. सिग्नल बदलला की तिचं वागणं बदलतं, शिवाय जोरदार कॉर्ड मारल्यावर वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली बसून पुन्हा वर येतो. डिस्टॉर्शनमध्ये आणखी एक खोच आहे. सेकंदाला ४८,००० वेळा मोजणारं यंत्र २४,००० हर्ट्झपर्यंतचाच सूर नीट दाखवू शकतं. लहर कापल्यामुळे ३०,००० हर्ट्झचा हार्मोनिक निर्माण झाला, तर तो उलटा दुमडून १८,००० हर्ट्झला ऐकू येतो, आणि वाजवलेल्या सुराशी त्याचं काहीच नातं नसतं. चांगले अ‍ॅम्प हा भाग कितीतरी जास्त वेगाने मोजून ही घाण बरीच कमी करतात. तपासायचं असेल तर गेन (सिग्नल किती वाढवून खरखरीत करायचा ते ठरवणारं बटण) भरपूर ठेवून सर्वांत बारीक तार वरच्या पट्टीत दाबा आणि हळूहळू ताणा. सूर चढत असताना मागे एखादी बारीक शीळ उतरताना ऐकू आली, तर गणितात काटकसर झाली आहे.

त्याहून महत्त्वाची परीक्षा मात्र अगदी साधी, मोकळी तार छेडता येणाऱ्यालाही जमणारी. सगळे इफेक्ट्स बंद करा. गेन अशा जागी आणा, की सूर नुकता खरखरायला लागेल. मग एकच तार आधी हलकी, मग मध्यम, मग जोरात छेडा. नंतर गिटारवरचं व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. प्रत्येक वेळी पोत बदलला पाहिजे, आणि व्हॉल्यूम उतरवल्यावर खरखर विरून स्वच्छ सूर बाहेर आला पाहिजे. नुसता आवाज लहान-मोठा होत असेल, तर तो अ‍ॅम्प बाजूला ठेवा, मग त्यात शंभर मॉडेल्स का असेनात.

हे शिकणाऱ्यासाठी फार मोलाचं आहे. गेन खूप वाढवला की हलका आणि जोरदार आघात जवळजवळ एकाच पातळीवर येतात, आणि उजव्या हाताचा असमानपणा लपून जातो. रिव्हर्ब (आवाजाची घुम) आणि डिले (उशिराने येणारा प्रतिध्वनी) तालातली चूक झाकतात. दुकानात ऐकवले जाणारे प्रीसेट्स नेमके अशाच इफेक्ट्सनी भरलेले असतात. दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवून ऐकताना त्यांचा आवाजही सारखा करून घ्या, कारण थोडा मोठा वाजणारा अ‍ॅम्प कानाला उगीचच जास्त चांगला वाटतो.

वॅट्सच्या मोहात पडू नका. आवाज दुप्पट मोठा वाटायला शक्ती साधारण दहापट लागते, म्हणून २० आणि ४० वॅट्समधला फरक जेमतेम ३ डेसिबल. घरच्या सरावाला पाच-दहा वॅट्स पुरतात. ड्रमच्या साथीने वाजवायचं तर मात्र जास्त हवेत. स्पीकरचा आकार जास्त जाणवतो. सर्वांत जाड मोकळी तार ८२ हर्ट्झची, आणि अगदी छोटा स्पीकर तो मूळ सूर नीट देऊ शकत नाही. वरच्या हार्मोनिक्सवरून मेंदू तो भरून काढतो खरा, पण त्यातला दमदारपणा हरवतो.

डिजिटल गणिताला लागणारा वेळ, म्हणजे लेटन्सी, याची भीती अनेकांना असते. चांगल्या अ‍ॅम्पमध्ये ती काही मिलिसेकंदांची असते. तेवढ्या वेळात ध्वनी मीटर-दोन मीटरच पुढे सरकतो, म्हणजे अ‍ॅम्पपासून जरा लांब बसल्यासारखंच. ब्लूटूथ हेडफोन मात्र टाळा. त्यांत अनेकदा शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशीर होतो आणि हात व कान यांची फारकत होते. फोनवरून साथीचा ट्रॅक अ‍ॅम्पकडे पाठवायला ब्लूटूथ चालेल, कारण जे ऐकू येतं त्यावरच आपण वाजवतो. सरावासाठी वायरचे हेडफोन लागणारच, तेव्हा ते लावायची सोय आधी बघून घ्या.

शेवटी, गेन, बास, मिड, ट्रेबल आणि मास्टर (एकूण आवाज) यांची बटणं अ‍ॅम्पच्या अंगावर असावीत. फोनमधल्या अ‍ॅपशिवाय ज्याचं पान हलत नाही असा अ‍ॅम्प मी कुणालाही सुचवणार नाही. अ‍ॅम्पला बरीच वर्षं काही होत नाही. अ‍ॅप मात्र नव्या फोनवर चालेनासं होऊ शकतं.