भाजीपाल्याची विक्री (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या तालुक्यांतला अल्पभूधारक शेतकरी आपला भाजीपाला मुख्यतः अडतीवर, म्हणजे कमिशनवर माल विकून देणाऱ्या अडत्यामार्फत विकतो. माल शेतकऱ्याचा, गाळा अडत्याचा आणि भाव बहुधा घाटाखालच्या गोव्याचा, अशी या व्यवहाराची घडण आहे. बेळगावचा बाजार कर्नाटकात असला, तरी त्याचे मोठे गिऱ्हाईक गोवा आहे. माल आणणाऱ्यांत महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याचे शेतकरीही असतात, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडते. सीमावाद कोर्टात आहे. रताळ्याची पोती मात्र तो निकाल लागायची वाट पाहत नाहीत.

शहराच्या पश्चिमेला उचगाव, तुरमुरी, बेकिनकेरे, कुद्रेमनी या पट्ट्यातल्या लाल मातीत पावसाळी बटाटा आणि रताळी होतात. कडोली, देवगिरी, जाफरवाडी, काकती, होनगा हा भाग कोबी, फ्लॉवर, ओली मिरची, ढबू (ढोबळी) मिरची, गाजर, बीट आणि पालेभाज्यांसाठी ओळखला जातो. निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या शेतकऱ्याचे तोंड मात्र कोल्हापूरच्या मार्केटकडे असते.

विक्रीचे माप पिकागणिक बदलते. कोथिंबीर, मेथी, शेपू, लालभाजी पेंडीच्या (जुडीच्या) शेकड्यावर जाते, फ्लॉवर डझनावर, मिरची-कोबी दहा किलोंवर आणि कांदा, बटाटा, रताळी क्विंटलवर. बटाट्याची निवड करून मोठवड, मीडियम, गोळी असे ढीग वेगळे पोत्यात भरतात. स्थानिक बटाट्याला ‘जवारी’ म्हणतात. इंदूर आणि आग्र्याचा बटाटा बेळगावच्या बाजार समितीच्या यार्डात येऊन पडला, की जवारीचा भाव कुठे थांबायचा हे त्यावरच ठरते. कांदा, बटाटा, रताळी यांचे मुख्य बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतात. रताळी उत्तर भारतापर्यंत जातात, नवरात्र आणि एकादशीच्या उपवासांमुळे त्यांची मागणी पंचांगाशी बांधलेली असते.

भाजीची काढणी आदल्या दुपारी, पेंड्या बांधणे संध्याकाळी आणि सौदा पहाटे, असा साधारण क्रम आहे. गावातले चार-पाच शेतकरी मिळून एक टेम्पो ठरवतात. अडत्या बोली लावून माल विकतो आणि शेतकऱ्याला ‘पट्टी’ देतो. पट्टी म्हणजे हिशेबाची चिठ्ठी: वर विक्रीची रक्कम, खाली अडत, हमाली, गाडीभाडे अशी वजावट आणि शेवटी हातात येणारा आकडा. भाव पडलेला असेल, तर कोथिंबिरीच्या पट्टीत गाडीभाडेही सुटत नाही. अशा वेळी उभ्या कोबीत मेंढरे सोडणे परवडते, कारण त्यांना तोडणीची मजुरी द्यावी लागत नाही.

पट्टीत न दिसणारी वजावट ‘उचल’ ही असते. बियाणे, खत किंवा घरच्या लग्नासाठी अडत्याकडून आगाऊ पैसे घेतले, की माल त्याच्याच गाळ्यावर घालावा लागतो. बाजारात गाळे भरपूर असूनही शेतकऱ्याला खरी निवड नसते ती यामुळे. बँकेची फेरी, कागदपत्रे आणि महिना-दोन महिने थांबण्यापेक्षा अडत्या एका फोनवर पैसे देतो, ही बाजूही दुर्लक्षून चालत नाही. त्याला केवळ लुटारू ठरवणारी भाषणे सोपी असतात. भाजीला न नासवता थांबवणारे कोल्ड स्टोरेज गावात उभे राहिले असते, तर भाषणांपेक्षा जास्त फरक पडला असता.

कर्नाटकच्या १९६६ च्या कृषी पणन कायद्याप्रमाणे अडत खरेदीदाराने द्यायची असते. भाजीच्या सौद्यात ती शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जात असल्याची तक्रार जुनी आहे. महाराष्ट्राने जुलै २०१६ मध्ये फळे-भाज्यांची यार्डाबाहेरची विक्री नियमनमुक्त केली आणि अडतीचा भार खरेदीदारावर टाकला. म्हणजे कुद्रेमनीच्या आणि शेजारच्या चंदगडच्या शेतकऱ्याची माती, वेल आणि बाजार एकच, पण गावचे कायदे दोन.

बेळगावचे घाऊक भाजी मार्केट पूर्वी किल्ल्याजवळ कॅन्टोन्मेंट हद्दीत होते. २०१९ मध्ये ते बाजार समितीच्या यार्डात हलले. २०२२ मध्ये जय किसान हे खासगी घाऊक मार्केट सुरू झाले आणि व्यापारी व शेतकरी दोन्हीकडे वाटले गेले. एका शहरात दोन मार्केट झाली की भाव वाढतो, असे तेव्हा सांगितले जात होते. ते खरे ठरायला गिऱ्हाईकही दुप्पट व्हावे लागते.

गोव्याचा माल चोर्ला आणि अनमोड घाटांतून उतरतो. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळही स्वस्त भाजी विक्रीसाठी बेळगावहून माल उचलते. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा रस्ता बंद झाला, की पणजीत भाजी महागते आणि बेळगावात तीच भाजी पडून राहते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सीमा बंद झाल्यावर हेच मोठ्या प्रमाणात घडले.

थेट विक्रीही आहे, पण ती थोड्या मालाची आणि बहुधा बायकांच्या हातची. शहरालगतच्या गावांतून बुट्टी (टोपली) घेऊन येणाऱ्या बायका गणपत गल्ली, खडेबाजारात बसतात. शनिवारी गर्दी मोठी. किलोमागे पैसे अडतीवरच्या विक्रीपेक्षा जास्त सुटतात, पण दिवस जातो. उरलेल्या पेंड्या दिवेलागणीला निम्म्या भावाने जातात. शेवटची बस गाठायची असते, आणि कोमेजलेली मेथी घरच्या म्हशीलाच घालावी लागते.