एचआयव्हीसह जगणारे बाळ तीव्र कुपोषित असेल तर: दाखल कुठे करायचे, कागद कोणते, आधी काय आणि नंतर काय

अशा बाळाची नोंद दोन ठिकाणी व्हावी लागते. कुपोषणाच्या उपचारासाठी पोषण पुनर्वसन केंद्रात, म्हणजे एनआरसीत, आणि एचआयव्हीच्या औषधांसाठी एआरटी केंद्रात. दोन्ही बहुतेक वेळा जिल्हा रुग्णालयाच्याच आवारात असतात, पण रजिस्टर वेगळे आणि माणसेही वेगळी. इकडची नोंद तिकडे आपोआप पोहोचेल असे धरून चालू नका. दोन्हीकडचे कागद एकाच पिशवीत ठेवा आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांना ते स्वतः दाखवा. महाराष्ट्रातल्या पालकांसाठी ही माहिती त्याच क्रमाने देत आहे.

एनआरसीसाठी पात्रता

वय 6 ते 59 महिने. दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी, किंवा उंचीच्या मानाने वजन तक्त्यातल्या उणे 3 एसडीच्या (सरासरीपासूनचे अंतर मोजायचे माप) खाली, किंवा दोन्ही पावलांवर सूज आणि बोटाने दाबले की खड्डा राहणे. यांपैकी एक खूण असली तरी बाळ सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित, श्रेणीत येते. गुंतागुंत नसेल आणि भूक चांगली असेल तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रातही उपचार होतात. मात्र ताप, जुलाब, अंग थंड पडणे, सुस्ती, भुकेच्या चाचणीत न खाणे यांपैकी काही दिसले तर दाखलच करावे लागते. बाळाला एचआयव्ही असल्याचे माहीत असेल तर गावपातळीवर वाट पाहू नये, थेट रुग्णालयात न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोंडात पांढरा चिकटा, लांबलेले जुलाब, क्षयरोग हे सगळे या मुलांमध्ये जास्त आढळते आणि बाळ फार लवकर खालावते.

पाच वर्षांवरील मूल एनआरसीच्या वयोगटात बसत नाही. त्याला बालरोग विभागात दाखल करतात. ‘वय बसत नाही’ म्हणून घरी परत येऊ नका. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचे निकष आणि आहारही वेगळे असतात, तेही डॉक्टरच ठरवतात.

कागदपत्रे

अंगणवाडी सेविका, आशा किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची संदर्भ चिठ्ठी, माता-बाल संरक्षण कार्ड, आई-वडिलांचे आधार कार्ड, रेशन कार्ड. आईच्या बँक पासबुकाची प्रतही घ्या. बाळासोबत राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे आणि ती खात्यात जमा होते. चिठ्ठी नसली तरी बाळाला थेट आणता येते. बाळ गंभीर असेल तर एकाही कागदासाठी अर्धा दिवससुद्धा घालवू नका, कागद मागाहून आणता येतात.

एआरटी केंद्राचे पुस्तक असेल तर ते आणि चालू औषधे बाटल्यांसकट आणा. औषधे आधीपासून सुरू असतील तर ती स्वतःहून बंद करू नका.

पहिले काही दिवस दूध इतके थोडे का?

वॉर्डात पालक हा प्रश्न हमखास विचारतात आणि याच टप्प्यावर काही जण बाळाला घेऊन निघून जातात. म्हणून हे नीट समजून घ्या. महिनोन्महिने पुरेसे अन्न न मिळाल्यामुळे शरीराने आपली सगळी कामे मंद केलेली असतात. यकृत पुरेशी साखर तयार करू शकत नाही, त्यामुळे दोन-तीन तास पोटात काही गेले नाही तरी रक्तातली साखर घसरते. 100 मिलिलिटर रक्तात 54 मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती धोक्याची मानतात. शरीरात उष्णता तयार होत नाही. मूत्रपिंडाला जादा पाणी आणि मीठ बाहेर टाकता येत नाही. पेशींमध्ये सोडियम साचते आणि पोटॅशियम निघून जाते. अशा बाळाला एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातले फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने घटतात आणि हृदयावर ताण येऊन जीवही जाऊ शकतो.

म्हणून सुरुवातीला एफ-75 नावाचा आहार, 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. अंगाशी धरून ऊब. प्रतिजैविके. लोहाचे औषध या टप्प्यात देत नाहीत. सूज उतरू लागली, भूक परतली की एफ-100 हा जास्त कॅलरींचा आहार सुरू होतो आणि वजन वाढू लागते. एचआयव्हीमुळे शरीराची ऊर्जेची गरज मुळातच जास्त असते. वजन घटलेल्या एचआयव्हीबाधित मुलांना नेहमीपेक्षा 50 ते 100 टक्के जास्त ऊर्जा लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण ती भरपाई दुसऱ्या टप्प्यात करायची असते, पहिल्या दिवशी नव्हे. मुक्काम साधारण 14 दिवसांचा असतो, गरजेनुसार तो वाढतो.

एआरटी अजून सुरू नसेल तर तिचाही क्रम असाच. साखर, तापमान, क्षार आणि जंतुसंसर्ग आटोक्यात आले की लगेच औषधे सुरू करायची. थोडे थांबतात ते बाळ सावरावे म्हणून, तो हलगर्जीपणा नव्हे. मात्र सुट्टी मिळण्याआधी ‘एआरटी कधीपासून?’ हे विचारून कागदावर लिहून घ्या.

चाचणी आणि एआरटी केंद्रातली नोंदणी

एनआरसीत दाखल बाळाची एचआयव्ही चाचणी पालकांच्या संमतीने आणि समुपदेशनानंतर करतात. 18 महिन्यांच्या आत साध्या चाचणीवर निदान ठरत नाही, कारण आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात असतात. त्यासाठी विषाणू शोधणारी वेगळी तपासणी लागते. निदान झाले की आयसीटीसीची (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राची) चिठ्ठी, अहवाल, पालकाचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन एआरटी केंद्रात नाव नोंदवायचे. तपासण्या आणि औषधे मोफत आहेत. सीडी4 (रक्तातल्या प्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, प्रत्येक बाधित मुलाला औषध मिळते. गुंतागुंत असलेल्या मुलांसाठी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात खास बाल-एचआयव्ही केंद्र आहे.

इथे एक गोष्ट सर्रास राहून जाते. मुलांच्या औषधाचा डोस वजनाच्या गटावर ठरतो: 3 ते 5.9 किलो, 6 ते 9.9 किलो, असा पुढे. एनआरसीत वजन वाढले की गट बदलू शकतो. सुट्टीच्या कागदावरचे वजन एआरटी केंद्रात दाखवा आणि डोस पुन्हा तपासून घ्या. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीचे औषध सुरू असेल तर लोह, कॅल्शियम आणि झिंकच्या औषधांच्या वेळाही तिथेच ठरवून घ्या. सुट्टीनंतर एनआरसीत दर पंधरवड्याला, दोन महिने तपासणीसाठी जायचे असते, त्या फेऱ्या चुकवू नका.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असाल तर निघण्याआधी एआरटी केंद्रातून बदलीचे पत्र घ्या. मुक्कामाजवळच्या केंद्रात औषध सुरू राहते.

आर्थिक आधार

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र बालकासाठी महिन्याला 2,250 रुपये मिळतात आणि एचआयव्हीबाधित बालके तिच्यात येतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. बाळाचे व पालकांचे आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पासबुक, फोटो, वैद्यकीय अहवाल आणि पालक हयात नसल्यास मृत्यूचा दाखला जोडा. एसटीच्या सवलतींतही एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे, त्यासाठीच्या दाखल्याचे एआरटी समुपदेशकाला विचारा.

गोपनीयता आणि तक्रार

अंगणवाडीत बाळाचे वजन सांगावे लागते, एचआयव्हीबद्दल सांगण्याची सक्ती नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा 2017 हा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार उपचार नाकारणे आणि संमतीशिवाय माहिती उघड करणे बेकायदा आहे. आई-वडील नसतील तर 12 वर्षांवरील समंजस भाऊ किंवा बहीण धाकट्याच्या उपचारासाठी पालक म्हणून उभी राहू शकते, हेही याच कायद्यात आहे. कोणी अडवले तर राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे तक्रार करा. निर्णय 30 दिवसांत आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो 24 तासांत व्हावा, अशी तरतूद आहे. जवळचे केंद्र कुठे आहे हे विचारायला 1097 हा मोफत क्रमांक आहे.