कणकुंबीचा पाऊस आणि सौंदत्तीचा गाळ

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीला मलप्रभा नदी उगम पावते ती समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटरवर. ३०४ किलोमीटर वाहून कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते तेव्हा ४८८ मीटरच्या आसपास असते. हिशोब केला तर किलोमीटरमागे एक मीटर उतार. ही सरासरी फसवी आहे, कारण बराचसा उतार खानापूर तालुक्यातच संपतो आणि पुढे नदी सपाटीला लागते. पावसाचंही तसंच. कणकुंबीत वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या सौंदत्तीत जेमतेम पाचशे-सहाशे.

त्यामुळे डोंगरात पाऊस पडतो, म्हणजे गाळही डोंगरातूनच येतो, असं आपण धरून चालतो. हा समज अर्धाच खरा आहे.

१९५८ साली लँगबाइन आणि शूम या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी तिथल्या खोऱ्यांमधला गाळ आणि पाऊस यांची सांगड घातली. वाळवंटात गाळ कमी, कारण वाहून न्यायला पाणीच नाही. पाऊस वाढत गेला तसा गाळ वाढला, पण निमकोरड्या प्रदेशात शिखर गाठून तो पुन्हा उतरला. त्यापुढे पावसाबरोबर गवत आणि झाडोराही वाढतो आणि माती धरून ठेवतो. हा आलेख जगात सगळीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. जंगल तोडलं तर तो कोलमडतोच. तरी पावसाळी भीमगडच्या रानातला ओढा आणि कोरड्या रामदुर्गाकडचा उघडा माळ यांतला फरक समजायला तो चांगला उपयोगी पडतो.

माती हलवायची सुरुवात थेंब करतो. एक मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे चार मीटर वेगाने जमिनीवर येतो, पाच मिलिमीटरचा नऊ मीटरने. मोठ्या थेंबाचं वस्तुमान १२५ पट, आणि वेगाचा वर्ग धरला की त्याची ऊर्जा सहाशे पटींहून जास्त भरते. म्हणून धूप मोजताना वर्षाचा एकूण पाऊस पुरत नाही. त्या सरीची ऊर्जा आणि तिच्यातल्या सर्वांत जोरदार अर्ध्या तासात पाऊस कोसळण्याचा वेग यांचा गुणाकार करावा लागतो. आषाढातली दिवसभराची रिपरिप आणि मे महिन्यातला वळीव यांची तुलना मिलिमीटरमध्ये होत नाही ती यामुळे.

झाडं थेंब अडवतात, हेही तपासून घेण्यासारखं आहे. पानांवर पाणी साचून ते टोकाशी मोठ्या थेंबांनी ठिबकतं. झाड आठ-दहा मीटर उंच असेल तर तो थेंब खाली येईपर्यंत जवळपास पूर्ण वेग गाठतो. म्हणजे माती वाचवतो तो मुख्यतः खालचा पालापाचोळा आणि झुडपं. निलगिरी किंवा काजूच्या बागेत खालचा पाला गोळा करून नेला, भाताच्या रोपांचा तरवा भाजायला काढला किंवा वणव्यात गेला, तर वर हिरवंगार छत असूनही खाली ओघळ पडतात. उपग्रहाच्या चित्रात मात्र ती जमीन 'झाडाखाली' म्हणून दिसते.

आता वळवाची वेळ पाहा. बेळगाव-खानापूर पट्ट्यात भाताची धूळवाफ पेरणी रोहिणीच्या आसपास होते. त्याआधी ढेकळं फोडून, कुळवून शिवार भुसभुशीत केलेलं असतं. जमिनीवर एक हिरवं पान नाही, आणि तेव्हाच तासाभरात चाळीस मिलिमीटर ओतणारी सर येते. बैलहोंगलकडच्या काळ्या मातीत सुरुवातीचं पाणी भेगांतून खाली जातं. भेगा मिटल्या की मात्र तीच जमीन पाणी प्यायचं नाकारते आणि वरचा थर घेऊन ते वाहायला लागतं. भात हातभर उंच होऊन वाफे पाण्याने भरले की चित्र उलटतं. बांधलेला वाफा वरून आलेला गाळ उलट अडवून धरतो.

नदीतही हे दिसतं. हंगामाच्या पहिल्या पुरात, पाणी चढत असताना, जितका गाळ असतो त्याच्या कितीतरी कमी गाळ त्याच पातळीला पाणी उतरताना असतो. उन्हाळ्यात सुटी झालेली माती, गुरांच्या वाटांवरची धूळ, काठावरचे ढिगारे हा साठा पहिल्या लोंढ्यातच निघून जातो. म्हणून एकदाच नमुना घेऊन वर्षाचा गाळ काढला तर उत्तर हमखास चुकतं.

नमुना घ्यायचा तर एक लिटरची सरळ कडांची पारदर्शक बाटली पुरे. काठावरचं साचलेलं पाणी नको. पुलावरून दोरीला वजन लावून प्रवाहाच्या मधलं घ्यावं, वेळ आणि पाण्याची पातळी लिहून ठेवावी. बाटलीत पाण्याची उंची २५ सेंटिमीटर धरली, तर ०.२ मिलिमीटरची वाळू साधारण दहा सेकंदांत तळ गाठते. ०.०२ मिलिमीटरच्या मधल्या कणांना अकरा-बारा मिनिटं लागतात, आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीला १९ तासांच्या आसपास. व्यास दहापट कमी झाला की बारीक कणांचा बुडण्याचा वेग शंभरपट घटतो, म्हणून हे अंतर. तुरटी फिरवायची नाही. तिने कण एकमेकांना चिकटतात आणि सगळंच भराभर बसतं. शेवटी वरचं निवळ पाणी हलकेच ओतून गाळ सुकवायचा आणि सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोलायचा. लिटरमागे दोन ग्रॅम भरले आणि नदीतून सेकंदाला ५० घनमीटर पाणी जात असेल, तर तासाला ३६० टन माती पुलाखालून गेली. दहा टनी ३६ टिप्पर.

ही माती सगळी समुद्राला जात नाही. १९८३ साली भारतासाठी जो अंदाज मांडला गेला आणि आजही सर्वत्र उद्धृत होतो, त्यानुसार हेक्टरी वर्षाला १६.३५ टन माती सुटते. त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत, आणि उरलेली ६१ टक्के एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. १६ टन म्हणजे हेक्टरभर जमिनीवरचा जेमतेम सव्वा मिलिमीटर थर. डोळ्याला तो दिसतही नाही.

रस्त्याचं काम दिसतं. घाटमाथ्यावर वर जांभ्याचं कडक टोपण आणि त्याखाली पांढुरकी-पिवळसर मऊ चिकणमाती, अशी रचना बऱ्याच ठिकाणी आहे. जांभा उभा कापला तरी भिंतीसारखा उभा राहतो, त्यामुळे ठेकेदार खालचा मऊ थरही तसाच उभा कापतो. पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपून मऊ थराशी अडतं, तो थर फुगून सरकतो आणि वरचे चिरे आधार सुटून एकदम खाली येतात. इथे मऊ थराला उतार द्यावा लागतो, कापाच्या माथ्यावर पाणी वळवणारा चर लागतो, आणि भिंत बांधली तर तिच्यात पाणी निघायला भोकं. भोकांविना बांधलेली भिंत मागच्या पाण्याच्या दाबानेच पडते. त्यातून कापलेली माती दरीच्या बाजूला ढकलून देण्याची सवय आहेच. दहा चौरस मीटरचा छेद धरून एक किलोमीटर रस्ता कापला तर दहा हजार घनमीटर, म्हणजे सुमारे १६ हजार टन सुटी माती तयार होते. हजार हेक्टर शेतीची वर्षाची धूप एका किलोमीटरच्या कडेला येऊन बसते आणि पुढचे कित्येक पावसाळे ओढ्यांना पुरते.

नदीपात्रातली वाळू काढण्याचा परिणाम वरच्या अंगाला जातो, हे सहसा ध्यानात येत नाही. पात्रात खड्डा पडला की त्याच्या वरच्या कडेशी पाण्याचा उतार एकदम वाढतो. ती कड झिजत झिजत वर सरकते, तळ खाली जातो, आणि उंच झालेले काठ शेतासकट ढासळतात. वाळू एकाने नेलेली असते आणि मळीची जमीन वरच्या गावातल्या दुसऱ्याचीच जाते.

पुढे सौंदत्तीजवळ मलप्रभेवरचा रेणुकासागर. नवीलतीर्थजवळच्या या धरणाची साठवण ३७.७३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, आणि एवढा मोठा जलाशय आत आलेल्या गाळापैकी बहुतेक सगळा धरून ठेवतो. पण वाळू-रेव भिंतीपर्यंत पोचतच नाही. पाणी संथ होतं तिथेच, म्हणजे जलाशयाच्या शेपटाकडे, ती बसते आणि वापराच्या पाण्याचीच जागा खाते. गाळासाठी तळाशी मृत साठा राखून ठेवला म्हणून वापराचं पाणी सुरक्षित, ही समजूत त्यामुळेच चुकीची आहे. भिंतीच्या खालच्या अंगाला दुसराच प्रकार होतो. नेहमीचे पूर बंद झाल्यावर पात्र अरुंद होतं, त्यात बाभूळ वाढते, माणसं ऊस लावतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला तेव्हा त्याला पुरेसं पात्रच उरलं नव्हतं.

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरते. पावसाचा वर्षाचा आकडा तोच राहिला तरी तो थोड्या आणि जोरदार सरींत पडेल, आणि धूप सरींच्या जोरावर ठरते हे वर आलंच आहे.

ओघळीत घालायचा अनगड दगडी बांध साधा असतो, आणि साध्याच चुकांनी जातो. अंतराचा नियम असा, की खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाशी समपातळीत यावा. बांध पाऊण मीटर उंच आणि ओघळीचा उतार पाच टक्के असेल तर दर १५ मीटरला एक. बहुतेक बांधांचा माथा सरळ सपाट रचलेला असतो. मग पाणी कडेने वाट काढतं, काठ खातं आणि पूर्वीपेक्षा रुंद ओघळ करतं. मधला भाग कडांपेक्षा फूटभर तरी खाली हवा, दोन्ही टोकं काठात अर्धा मीटर रुतवलेली हवीत, आणि खाली पाणी पडतं तिथे दगडी फरस हवी. काम वरून खाली करत यायचं, कारण वरची ओघळ मोकळी ठेवून घातलेला खालचा बांध पहिल्याच वळवात गाळाने भरतो. शेताच्या मातीच्या बांधालाही दगडी सांडवा लागतोच. सांडव्याविना तुंबलेला बांध फुटला की तिथूनच नवी घळ सुरू होते.

उताराला आडवे, पाणी मुरवणारे समतल चर मात्र सगळीकडे खणू नयेत. बैलहोंगल-सौंदत्तीच्या माळावर पाणी मुरवणं योग्यच. जांबोटी-कणकुंबीकडच्या तीव्र उतारावर, जांभ्याखाली तो मऊ थर असेल तर, मुरवलेलं पाणीच दरडीला आमंत्रण देतं. तिथे पाणी चरात अडवायचं नाही, हलक्या उताराच्या चराने बाजूच्या पक्क्या ओढ्यात काढून द्यायचं.