भोपळ्याचा कर्णा आणि शंखाचं गणित

जुन्या फोनोग्राफचा, म्हणजे नळकांड्यावर कोरलेला आवाज वाजवणाऱ्या चावीच्या यंत्राचा, मूळ कर्णा हरवलेला असतो किंवा गंजून गेलेला असतो. मग कोणी हौशी माणूस त्याला वाळवलेला भोपळा बसवतो, कोणी शंख, कोणी बैलाचं शिंग. वस्तू देखणी होते, वाजतेही. आणि लगेच कौतुकाचं ठरलेलं वाक्य येतं : कर्णा नैसर्गिक, म्हणून आवाज नैसर्गिक! याच वाक्यामुळे हा लेख लिहायला घेतला. कर्णा वेलीवर वाढला की कारखान्यात, याच्याशी हवेला काही देणंघेणं नाही. तिला कळतो तो आकार.

खरं तर हे यंत्र पहिल्यापासूनच निसर्गाच्या उसनवारीवर चाललेलं आहे. एडिसनने १८७७ साली कथलाच्या वर्खावर आवाज उमटवला, पण पुढच्या नळकांड्या मेणाच्या झाल्या. तबकड्यांमध्ये लाख होती, म्हणजे एका किड्याचा स्राव. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्समधला, म्हणजे पिनेची थरथर हवेला देणाऱ्या डबीतला, पडदा अभ्रकाचा असे, आणि तबकडी झिजू नये म्हणून पोलादी पिनेऐवजी बांबूची पिन लावणारेही होते. त्यामुळे भोपळा इथे उपरा नाही.

गोंधळ होतो तो तंबोऱ्यामुळे. तंबोऱ्याचा भोपळा तारेच्या कंपनांना साथ देतो, त्याने घुमावं हीच अपेक्षा असते. कर्ण्याचं काम नेमकं उलटं. तो स्वतः घुमू लागला तर काही सूर उगाच फुगतात, काही बुडतात, आणि गाणारा माणूस माठात तोंड घालून गातोय असं वाटतं. कर्णा स्वतःची ऊर्जाही घालत नाही. जी काही ताकद आहे ती चावी दिलेल्या स्प्रिंगची.

मग तो करतो काय? साउंडबॉक्सचा पडदा साधारण साडेचार सेंटीमीटर व्यासाचा असतो असं धरू. एवढासा पडदा मोकळ्यात हलला की समोरची हवा दबण्याऐवजी कडेने निसटते, चाळणीने पाणी उपसावं तशी गत. ३०० हर्ट्झच्या सुराला हवा जितका विरोध करू शकली असती, त्याच्या एक टक्काही करत नाही. आणि जिथे विरोध नाही, तिथे काम होत नाही. कर्णा ही पळवाट बंद करतो. अरुंद गळ्यात कोंडलेली हवा पडद्याला जड लागते, पडद्याला जोर लावावा लागतो, आणि तो दाब पसरट होत होत रुंद तोंडातून बाहेर पडतो. सायकलचा गिअर जे पायांसाठी करतो, ते कर्णा पडद्यासाठी करतो. हवेच्या या विरोधाला इम्पिडन्स म्हणतात, आणि कर्ण्याच्या या कामाला इम्पिडन्स जुळवणं.

आता माझा आवडता भाग : रुंदी कशी वाढावी? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आर्थर गॉर्डन वेब्स्टर यांनी १९१९ साली कर्ण्याचं समीकरण प्रसिद्ध केलं. त्यातून घातांकी कर्ण्याचं वागणं नेमकं कळतं. घातांकी म्हणजे चक्रवाढ व्याजाने वाढणारा : ठरावीक अंतर गेलं की छेदाचं क्षेत्रफळ दुप्पट, पुन्हा तेवढंच अंतर गेलं की आणखी दुप्पट. शंकू मात्र सरळव्याजाचा, त्याचा व्यास दर सेंटीमीटरला सारखाच वाढतो. दोन कर्णे घेऊ. दोघांचा गळा २ सेंटीमीटर, तोंड ३० सेंटीमीटर, लांबी ४० सेंटीमीटर. ७५० हर्ट्झच्या सुराला घातांकी कर्ण्याच्या गळ्याशी हवेचा सुमारे ८७ टक्के विरोध मिळतो, शंकूच्या गळ्याशी जेमतेम १३ टक्के. (तोंडाशी होणारी परावर्तनं या हिशेबात धरलेली नाहीत.) घातांकी कर्णा त्याची किंमत खर्जात वसूल करतो. त्याची एक सीमा असते, तिच्याखालचे सूर तो जवळजवळ सोडूनच देतो. क्षेत्रफळ दर ५ सेंटीमीटरला दुप्पट होत असेल तर ही सीमा ३७८ हर्ट्झ, दर १० सेंटीमीटरला होत असेल तर १८९.

शंख म्हणजे निसर्गाने घडवलेला घातांकी कर्णा, असं मीही बरीच वर्षं समजत होतो. शंखाचं वेटोळं घातांकी असतं हे खरं, प्रत्येक वेढ्याला नळी ठरावीक पटीने रुंद होते. पण आवाज वेढे मोजत नाही, तो नळीची लांबी चालून जातो. आणि त्या वेढ्याची लांबीसुद्धा त्याच पटीने वाढत असते! रुंदी आणि लांबी दोन्ही एकाच चक्रवाढीने वाढल्या, तर एकीचं दुसरीशी प्रमाण कायम राहतं. म्हणजे शंख मनातल्या मनात उलगडून सरळ केला तर हाती येतो निव्वळ शंकू. लहानपणीचा आकार न बदलता वाढायचं, तर गोगलगायीला दुसरा मार्गच नाही. बैलाच्या शिंगाची गोष्टही बरीचशी हीच. शंखात समुद्राची गाज ऐकू येते ती भोवतालच्या बारीकसारीक आवाजांची, रिकामा पेला कानाला लावला तरी तीच येते. त्यामुळे शंखाच्या कर्ण्यात ‘दैवी कंपनं’ असल्याचं सांगून कोणी तो विकत असेल, तर त्याच्यासमोर पेला धरावा.

भोपळा मात्र खरोखर उजवा. लांब मानेच्या भोपळ्याची मान आधी सावकाश आणि मग झपाट्याने रुंदावते. दोरीने दर ५ सेंटीमीटरवर घेर मोजा, घेराचा वर्ग करा आणि लॉग आलेखावर मांडा, म्हणजे आडवं अंतर साधं आणि उभी पट्टी १, १०, १०० अशी पटीने वाढणारी. बिंदू जिथपर्यंत सरळ रेषेत येतात, तिथपर्यंतचा भोपळा तुमचा. कवचाची जाडी सगळीकडे सारखी नसल्याने थोडी चूक राहते, चालेल. सर्वांत फुगीर भागाच्या पुढे मात्र कधीही कापू नये. माझा पहिला भोपळा गोल दिसावा म्हणून मी खाली कापला, तोंड पुन्हा आवळलं गेलं, आणि कर्ण्याऐवजी घट तयार झाला.

तोंडाचा घेर सीमेवरच्या सुराच्या तरंगलांबीइतका असावा असा ठोकताळा आहे. ३७८ हर्ट्झसाठी तो सुमारे ९१ सेंटीमीटर, म्हणजे व्यास २९. वरच्या ४० सेंटीमीटरच्या कर्ण्याशी हे छान जुळतं. पुरुषी आवाजाचा मूळ सूर १००-१५० हर्ट्झच्या आसपास असतो, तो यातून येणारच नाही. तरी आवाज पुरुषाचाच वाटतो, कारण वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतल्या सुरांवरून, मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो.

पदार्थाचं काहीच महत्त्व नाही असंही नाही. पातळ पत्रा स्वतः झणझणतो, भोपळ्याचं कवच टिचकी मारली की टक् करून गप्प होतं. कागदाचाही हाच गुण, म्हणून लंडनच्या ई.एम.जी. ग्रामोफोनचे भलेमोठे कर्णे कागदी लगद्याचे असत. शिवाय भोपळा हलका असतो. नळकांड्यांच्या यंत्रात जड कर्ण्याचं ओझं सुईवर येऊन खाच खरवडली जाऊ नये म्हणून तो वेगळ्या दांड्याला टांगावा लागतो, शंखाला तर लागेलच.

राहिला सांधा. गळ्याशी व्यास एकदम दुप्पट झाला तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि ३६ टक्के ऊर्जा तिथूनच मागे फिरते, म्हणून आतून लगदा लावून उतार द्यावा. रबरी नळीचा जोड हवाबंद हवा, बारीकशा फटीतूनही खालचे सूर आधी पळतात. आतले धागे आणि बिया खरवडून, घासून लाखेचे दोन हात द्यावेत, नाहीतर दमट हवेत बुरशी येते.