प्रसाधन शिर्का

द्राक्षाच्या मद्यापासून किंवा आंबवलेल्या सफरचंदाच्या रसापासून केलेल्या शिर्क्यात (व्हिनेगरमध्ये) सुगंधी वनस्पती मुरवून तयार होणारे, पाण्यात मिसळून चेहरा व अंग पुसण्यासाठी वापरायचे द्रव्य. 18व्या-19व्या शतकांत फ्रान्स व इंग्लंडमध्ये त्याचा विशेष प्रसार होता.

त्याचा उगम बऱ्याचदा ‘चार चोरांच्या शिर्क्या’शी जोडला जातो. प्लेगने ओस पडलेली घरे लुटणारे चौघे पकडले गेले आणि रोग आपल्याला का शिवला नाही, हे म्हणजेच या शिर्क्याची कृती सांगण्याच्या बदल्यात त्यांना शिक्षेत सूट मिळाली, अशी ही आख्यायिका. लसूण, सताप, रोझमेरी, लवंग, कापूर ही त्या शिर्क्यातील नेहमी सांगितली जाणारी द्रव्ये. काही लेखक ही घटना तुलूझच्या 1628–31 च्या साथीतील मानतात, तर काही मार्सेच्या 1720 च्या साथीतील. शिक्षेचा प्रकार व घटकद्रव्ये कथनागणिक बदलतात. त्यामुळे या आख्यायिकेवर कालनिर्णय उभारता येत नाही. साथीत शिर्का हुंगण्याची व अंगाला लावण्याची रीत या दोन्ही साथींहून जुनी, निदान 14व्या शतकाइतकी मागे जाते. प्रसाधन शिर्का तिच्यातूनच हळूहळू आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

इंग्लंडमध्ये हुंगण्याचा शिर्का चांदीच्या चिमुकल्या डबीत बाळगत. आत भिजवलेला स्पंजाचा तुकडा, त्यावर नक्षीची जाळी आणि आम्लाने चांदी खाऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा. पॅरिसमध्ये जाँ-व्हँसाँ बुली या अत्तरकाराचा सुगंधी शिर्का 19व्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसिद्धीस आला. काही पाककृतींत उदाचा मद्यार्कातील अर्क घालत. ऊद मद्यार्कात विरघळतो, पाण्यात नाही. म्हणून असा शिर्का तस्तात ओतताच पाणी दुधाळ होई.

निरोगी त्वचेचा सामू (pH; जितका कमी तितकी आम्लता अधिक) 5 च्या आसपास असतो, साबणाचा बहुधा 9 ते 10. साबणाने धुतल्यावर त्वचेचा सामू काही काळ चढतो. सौम्य शिर्का तो उतरवतो. त्वचेवरील या आम्लधर्मी पातळ थराची, ‘आम्ल आवरणा’ची, कल्पना हाइनरिख शाडे व आल्फ्रेट मार्किओनिनी यांनी 1928 मध्ये मांडली, म्हणजे वापर रुळल्यावर बऱ्याच काळाने. स्वयंपाकातील शिर्क्यात सुमारे 5 टक्के ॲसिटिक आम्ल असते व त्याचा सामू 2.5 ते 3 भरतो. तो पाण्यात न मिसळता लावल्यास त्वचा भाजते, आणि तीळ वा चामखीळ घालवण्याच्या नादात झालेल्या अशा जखमा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. इसबावर सफरचंदाचा शिर्का गुणकारी असल्याचा दावा 2019 मध्ये अमेरिकेत तपासला गेला : 22 जणांनी 14 दिवस रोज 10 मिनिटे एक हात 0.5 टक्के आम्लाच्या पातळ शिर्क्यात व दुसरा साध्या पाण्यात बुडवला. त्वचेचे संरक्षक आवरण सुधारले नाही आणि बहुतेकांना शिर्क्याच्या हाताला चुरचुर झाली.