अवर्षणसहिष्णू देशी वनस्पतींची निवड

(उद्यानविद्या). प्रदेशात मूळच्याच असलेल्या आणि एकदा मुळे धरल्यावर तेथील पावसावर तग धरणाऱ्या वनस्पती बागेसाठी निवडण्याची पद्धत. अमेरिकेतील डेन्व्हर येथील पाणीपुरवठा यंत्रणेने १९८१ च्या सुमारास पुढे आणलेली ‘झेरीस्केप’ (कमी पाण्यावरची बागरचना) ही कल्पना हिच्या जवळची आहे. मात्र तीत कमी पाण्यावर भागणारी परदेशी झाडेही चालतात.

देशी कोणाला म्हणावे, याविषयी मतभेद आहेत. जॉन हेन्स्लो (१८३५) व ह्यूएट वॉटसन (१८४७) या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या लेखनातून देशी आणि परक्या वनस्पतींची वर्गवारी रूढ झाली, असे सामान्यतः मानतात. उत्तर अमेरिकेत युरोपीय वसाहतींपूर्वीच्या वनस्पती देशी धरल्या जातात. युरोपात शेतीबरोबर फार पूर्वी पसरलेली तणे परकीच समजतात, पण साधारण इ. स. १५०० पूर्वी आलेल्यांचा गट वेगळा करतात. बागेपुरते पाहता कालसीमेपेक्षा अधिवासाची सीमा अधिक उपयोगी ठरते. एकाच जातीच्या निरनिराळ्या अधिवासांतील समूहांत आनुवंशिक फरक असतात, हे दाखवून स्वीडिश शास्त्रज्ञ गोटे ट्युरेसन यांनी १९२२ मध्ये अशा समूहांसाठी ‘इकोटाइप’ ही संज्ञा मांडली. त्यामुळे दमट डोंगरउतारावरच्या बियांची रोपे कोरड्या पठारावर टिकतीलच असे नाही, जात तीच असली तरी. रोपाच्या पाटीवर जातीचे नाव असते. बी कुठले, हे बहुधा नसते.

देशीपणावरून काटकपणा ठरत नाही. वाळुंज आणि अर्जुन ही ओढ्या-नद्यांच्या काठची झाडे. ती देशी आहेत म्हणून मुरमाड माळावर लावणे व्यर्थ. उलट मध्य अमेरिका व लगतच्या प्रदेशांतील विलायती बाभूळ अत्यंत काटक आहे, पण इतरत्र ती आक्रमक ठरली आहे. तिच्याच प्रजातीतील एका झाडाची मुळे ॲरिझोनातील उघड्या खाणीत सुमारे ५३ मी. खोलीवर आढळल्याची नोंद आहे.

अवर्षणाला तोंड देण्याच्या तऱ्हा शरीरक्रियावैज्ञानिक तीन मानतात. काही वर्षायू वनस्पती कोरडा काळ येण्यापूर्वीच बी धरून मोकळ्या होतात. काही खोल मुळे, पानगळ किंवा रात्री उघडणारी पर्णरंध्रे यांच्या साहाय्याने पाणी राखतात. सिलॅजिनेला लेपिडोफायलासारख्या थोड्या वनस्पती जवळजवळ पूर्ण सुकूनही पुन्हा हिरव्या होतात. या सीमा काटेकोर नाहीत. पानगळीने उघडी पडलेली झुडपे मेली असे समजून पाणी देण्याचा मोह होतो. कॅलिफोर्नियातील फ्रिमाँटोडेंड्रॉन हे झुडूप तर उन्हाळी पाण्याने मुळे कुजून मरते. ऑस्ट्रेलियातील बँक्सियासारख्या प्रोटिएसी कुलातील अनेक वनस्पतींना नेहमीचे फॉस्फरसयुक्त खतही बाधते.

लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला करतात. मोठ्या, कुंडीत मुळे गुंडाळलेल्या रोपापेक्षा लहान रोप सहसा लवकर रुजते. पहिली एक-दोन वर्षे मात्र त्यालाही पाणी द्यावे लागते.