एचआयव्ही आणि किडनी : बोट नेमकं कुणाकडे दाखवायचं?

१९८१ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या सँड्रा फोर्ड यांच्या टेबलावर पेंटामिडिनसाठी एकामागून एक मागण्या येऊ लागल्या. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया या एरवी दुर्मिळ फुप्फुसविकारावरचं हे औषध तेव्हा तिथूनच मिळे. एड्सच्या साथीचा सुगावा लागला त्यात या मागण्यांचाही वाटा होता. हेच पेंटामिडिन किडनीला मात्र चांगलंच बाधायचं.

संधिसाधू संसर्गांचा (प्रतिकारशक्ती खचल्याची संधी साधणारे; शब्द राजकारणातला वाटतो, पण चपखल आहे) किडनीशी संबंध असा पहिल्यापासूनच दुहेरी. जंतू किडनीत शिरतो, आणि त्याला मारायला दिलेलं औषधही तिलाच छळतं. क्रिप्टोकॉकस या बुरशीच्या मेंदूज्वरावरचं अ‍ॅम्फोटेरिसिन घ्या. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला ते भोकं पाडतं, पण किडनीच्या सूक्ष्म नलिकांनाही सोडत नाही. पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावल्याची खूण, चढतं. म्हणून औषधाआधी सलाइन लावण्याचा रिवाज पडला. २०२१च्या म्युकरच्या दिवसांत अ‍ॅम्फोटेरिसिनचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. किडनीला कमी त्रास देणाऱ्या लायपोसोमल प्रकारासाठी नातेवाईक तेव्हा वणवण फिरत होते.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधून श्रीपाद राव आणि सहकाऱ्यांनी एड्सच्या रुग्णांमधला किडनीचा वेगळाच आजार नोंदवला : लघवीतून भरमसाट प्रथिनं, आणि काही महिन्यांत किडनी निकामी. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांना तो फारसा दिसेना, म्हणून हा विषाणूचा नसून हेरॉइनच्या नशेचा परिणाम असावा अशी शंका निघाली. विषाणू स्वतःच किडनीत घर करतो हे पुढे कळलं. दोन शहरांतल्या फरकाचं कोडं मात्र २०१०च्या सुमारास सुटलं. एपीओएल-१ या जनुकाची धोक्याची रूपं पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतात आणि ब्रुकलिनचे रुग्ण बहुतांशी कृष्णवर्णीय होते.

भारतीयांत ती रूपं जवळपास नाहीतच. म्हणून आपल्याकडे ब्रुकलिनच्या त्या आजारापेक्षा किडनीच्या टीबीचा विचार आधी करायला हवा. १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू झाली. पुढे त्यात टेनोफोविर हे किडनीला बाधू शकणारं औषध आलं आणि क्रिएटिनिनवर नजर ठेवणं नेहमीचं झालं. पण किडनीचा टीबी क्रिएटिनिनमधून लवकर कळत नाही. लघवीच्या रिपोर्टात पूपेशी भरपूर आणि साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) काहीच उगवलेलं नाही, ही त्याची जुनी खूण. टीबीचे जंतू त्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत. त्यासाठी सकाळची पहिली लघवी वेगळ्या तपासणीला पाठवावी लागते, तीही लागोपाठ तीन दिवस.